जमिनीची प्रत, माणसाची प्रत

पुणतांबे हे आमचे आजोळ. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. आणि दौंड-मनमाड लोहमार्गाने जाणाऱ्या प्रवाशांनी दुसरे काही नाही तरी त्याच्या स्थानकावरील पाटी पाहिलेली असते. गेल्या वर्षी मातुलगृहीच्या जमिनीच्या वाटणीचे काम निघाले आणि जुने उतारे चाळून पाहण्याचा प्रसंग आमच्यावर आला. सारे आयुष्य महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकविण्यात गेलेल्या माणसास सात-बाराचा उतारा म्हणजे एक अपरिचित ग्रंथच. त्या ग्रंथात एका शब्दापाशी आम्ही थांबलो. तो शब्द 'पोटखराबा'.

शेतकरी वाचकांस त्याचा अर्थ सांगावयास नको. इतरांसाठी इतकेच सांगतो की, एखाद्या सर्व्हे नंबरच्या पोटात असलेला, परंतु लागवडीस अयोग्य म्हणून ठरविलेला जो तुकडा, तो पोटखराबा. त्यावर सरकारचा आकार नसतो. तो क्षेत्रात मोजला जातो, परंतु हिशेबात धरला जात नाही. आमच्या मामेभावाने आम्हांस तो तुकडा दाखविण्यासाठी शेतावर नेले. पाहतो तो तेथे पुरुषभर उंचीचा ऊस उभा! "दादा, कागदावर हा खराबा आहे," तो हसून म्हणाला, "पण उसाला कुठे कागद वाचता येतो!"

घरी परतताना त्याच्या या उद्गाराने आमचा पिच्छा पुरविला. कागदावर एकदा झालेली नोंद जमिनीच्या खऱ्या स्थितीहून अधिक चिरंजीव कशी होते? आणि जमिनीविषयी अशी नोंद करणाऱ्या राज्यकर्त्यांनी त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांविषयीही तशाच नोंदी केल्या असतील, तर त्यांचे पुढे काय झाले? त्या अनुषंगाने जो विचार सुचला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या मोजणीचा उचित गौरव केला पाहिजे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी दख्खनेत जी पहिली महसूलव्यवस्था बसविली, ती कुणब्यास जाचक झाली. ती सुधारण्यासाठी १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीस आरंभ केला. पुढे तीच पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात रूढ झाली. मातीचा रंग कोणता, ती किती खोल, तीत चुनखडी किती, वाळू किती, उतार किती, हे पाहून शेताची प्रत ठरवावयाची. उत्तम जमीन सोळा आण्यांची, आणि तेथून उतरत उतरत अगदी हलकी दोन आण्यांची. यास प्रतबंदी म्हणत. आकार ठरला की तीस वर्षे तो वाढावयाचा नाही, आणि तीस वर्षांनी पुन्हा फेरतपासणी व्हावयाची. या पद्धतीतही दोष होतेच. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, त्यांच्या कारणांत नव्याने वाढविलेल्या साऱ्याचाही भाग होता. तथापि जमीन पाहून जमिनीवर कर बसवावा, मर्जी पाहून बसवू नये, हे तत्त्व न्यायाचे होते. जमिनीस प्रत लावल्याने तिचा अपमान होत नाही.

परंतु प्रत लावण्याची सवय मोठी चमत्कारिक आहे. एकदा ती हातास लागली की हात जमिनीशी थांबत नाही.

नगर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८४ साली प्रसिद्ध झाले. आमच्या पिढीतील कोणाही अभ्यासकाप्रमाणे आम्हीही त्याचे ऋणी आहोत. इतकी माहिती, इतक्या परिश्रमाने, आपल्यापैकी कोणी गोळा केली नव्हती. परंतु त्याच्या प्रकरणांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी डोंगर आणि नद्या. मग खनिजे, झाडे, पशू, पक्षी, मासे. आणि त्यानंतर माणसे. हा क्रम केवळ सोयीचा म्हणून कोणी सोडून देईल. पण वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा जो परिणाम होतो तो सोडून देता येत नाही. जसा डोंगर तसे त्यावरील झाड, आणि जसे झाड तसा त्याखालचा माणूस, अशी एक अदृश्य साखळी त्याच्या मनात तयार होते. सपाट काळ्या जमिनीवरचा कुणबी कष्टाळू व शांत. पश्चिमेकडील सह्याद्रीतला कोळी आणि भिल्ल रानटी. आणि ज्यास जमीनच नाही, जो आज या माळावर तर उद्या त्या माळावर, तो फासेपारधी मुळातच संशयास्पद. देश जर 'रान' असेल तर त्यातील माणूस 'रानटी'. आणि माणूस रानटी ठरला की ते रान त्याच्या हाती ठेवणे धोक्याचे. हा अनुमानाचा फेरा पूर्ण झाला म्हणजे जमीन आणि माणूस ही दोन्ही एकाच वेळी ताब्यात येतात.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. इंग्रजी अमलापूर्वी घाटांची आणि गावांची राखण ज्यांच्याकडे होती, त्यांत कोळी व भिल्ल नाईकांचा मोठा भाग होता; त्याबद्दल त्यांस हक्क मिळत. नव्या व्यवस्थेत ते हक्क कमी होत गेले. अकोले तालुक्यातील देवगावचा राघोजी भांगरे याने १८४४ च्या सुमारास बंडाचे निशाण उभारले, त्याच्या मागे सावकारी आणि हे बुडालेले हक्क दोन्ही होती. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यास फाशी देण्यात आले. १८५७ साली ऑक्टोबरात सिन्नर-संगमनेर मार्गावरील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री पडला. हा भागोजी पूर्वी स्वतः नगरच्या पोलिसांत अधिकारी होता. पुढे दोन वर्षांनी, १८५९ च्या नोव्हेंबरात, सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे तो लढता लढता मारला गेला.

आता गंमत पहा. ज्या महिन्यांत भिल्ल बंडखोर होते, त्याच महिन्यांत डोंगरातील कोळ्यांनी त्यांस मिळू नये म्हणून कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली कोळ्यांचीच एक पलटण उभारण्यात आली. ज्यांस काल रानटी म्हटले, तेच आज डोंगर चढण्यात तरबेज, काटक आणि विश्वासू शिपाई ठरले. १८६१ साली गरज संपली आणि पलटण मोडली. खानदेशातही तेच पूर्वी घडले होते. १८२५ पासून औट्रमने ज्या भिल्लांचे दमन करावयाचे त्यांतूनच भिल्ल पलटण बनविली.

महारांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर इंग्रजांनीच कोरली. पुढे 'लढवय्या जाती' व 'अलढवय्या जाती' अशी विभागणी लष्करात रूढ झाली, उत्तरेच्या थंड प्रदेशातील माणूस शूर आणि दक्षिणेचा नरम असा सिद्धांत बोकाळला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला. परंतु पहिल्या महायुद्धात माणसांचा तुटवडा पडताच १९१७ साली महारांची पलटण पुन्हा उभी राहिली. कोरेगावच्या शिपायाचे रक्त, त्याच्या नातवाचे रक्त आणि पणतवाचे रक्त यांत काय फरक पडला होता? फरक पडला होता तो सरकारच्या गरजेत. ज्या गोष्टीस 'जातीचा स्वभाव' म्हटले जात होते, ती वस्तुतः राज्यकर्त्याच्या सोयीची रोजकीर्द होती.

१८७१ साली या विचारास कायद्याचे रूप आले. 'गुन्हेगार जमाती' म्हणून काही समाज जाहीर करावयाचे, त्यांतील माणसांची नावनिशी ठेवावयाची, ठरलेल्या वेळी त्यांनी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून हद्द सोडावयाची नाही. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणात अशा लोकांची मोठी वसाहत वसली. या लोकांचा मुख्य अपराध काय? ते एका जागी राहत नव्हते. ज्या राज्याचा सारा हिशेब सर्व्हे नंबरावर उभा होता, त्यास नंबराबाहेरचा माणूस मोजता येत नव्हता. आणि जो मोजता येत नाही तो चोर असलाच पाहिजे. १८७८ च्या जंगल कायद्याने रानात मोळी, चारा, मध गोळा करणे हा बहुधा सरकारच्या मेहेरबानीचा विषय झाला, म्हणजे पूर्वी जी उपजीविका होती तीच चोरी झाली. आणि मग चोऱ्या वाढल्या हे त्या जमातीच्या रक्ताचे प्रमाण म्हणून दाखविण्यात आले!

येथे आमच्या मनास अधिक झोंबणारी गोष्ट पुढे येते. या कायद्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद करण्यात आला, तो विलायतेहून आणलेला नव्हता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तद्वत चोराचा मुलगा चोर होणार, असा तो होता. वाचकहो, हा युक्तिवाद राज्यकर्त्यांच्या हाती कोणी दिला? तो आमच्याच घरातून गेला. जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याची विद्या आम्हीच शतकानुशतके जपली होती. परकीयांनी तीस छापखाना, नोंदवही आणि पोलीस पुरविले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले हे नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचा उच्चनीच क्रम लावू लागले, तेव्हा आपले नाक कोणत्या रकान्यात पडते याची उत्सुकता आमच्यांतील सुशिक्षितांस वाटली नाही असे कोणी म्हणू शकेल काय?

हाच खेळ जगभर चालला होता. १७८८ पासून इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात वसाहत केली, ती जणू ती भूमी कोणाचीच नव्हती अशा समजुतीने. तेथील मूळ रहिवासी नांगरत नव्हते, कुंपण घालीत नव्हते. म्हणून सारे खंडच्या खंड पोटखराबा ठरले! तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत खोटी ठरविली ती १९९२ साली, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. आफ्रिकेत केनियाच्या उंच, थंड, सुपीक पठारांची हवा गोऱ्यांस मानवते, म्हणून ती पठारे गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली. तेथे शतकानुशतके गुरे चारणाऱ्या आणि शेती करणाऱ्या माणसांस मात्र ती हवा मानवत होती की नाही, हा प्रश्न कोणास पडला नाही.

केनियाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. तेथे हिंदी लोकही होते, आणि त्यांसही त्या पठारांवर जमीन घेण्यास मज्जाव होता. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे तत्कालीन अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री हे १९२३ साली या प्रश्नावर विलायतेस गेले. आणि साम्राज्य सरकारचा निर्णय जेव्हा हिंदी लोकांच्या विरुद्ध लागला, तेव्हा त्या सौम्य, साम्राज्यनिष्ठ पुरुषाच्या मनासही जबर धक्का बसला. साऱ्या हिंदुस्थानात संताप उसळला. तो संताप न्याय्य होता. हवेच्या नावाखाली वर्ण पुढे करून एखाद्या माणसास भूमीवरून दूर ठेवणे हा अन्याय आहे, हे आम्हांस त्या दिवशी समजले. परंतु त्याच १९२३ साली सोलापूरच्या वसाहतीभोवतीची तार उभी होती, आणि आमच्या गावोगावच्या वेशीबाहेर पारध्याच्या पालास रात्रीपुरतीही जागा देण्यास आम्ही राजी नव्हतो. केनियातील मज्जावाने आम्ही पेटलो, आणि आमच्या वेशीवरील मज्जाव आम्हांस दिसलाही नाही. असे का व्हावे?

यावर कोणी म्हणेल, "परकीयांस दोष देता देता तुम्ही स्वकीयांकडे वळलात, हे ठीक, पण मग इंग्रजांत आणि पूर्वीच्या राज्यात फरक तो काय?" हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. पुणतांब्यापासून काही कोसांवरच कोपरगाव आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात तेथे भिल्लांस विश्वासघाताने एकत्र आणून त्यांची कत्तल करण्यात आली. त्या दुष्कृत्यापुढे इंग्रजांची नोंदवही सौम्य वाटेल. असे असता आम्ही नोंदवहीवरच का रुष्ट व्हावे?

आमचे उत्तर असे की, ही दोन पापे भिन्न जातीची आहेत, आणि दुसरे पहिल्याहून लहान नाही. कत्तल करणारा मनुष्य आपण कत्तल करीत आहोत हे जाणतो. त्यास भय असते, क्रोध असतो, लोभ असतो. क्वचित पुढे शरमही येते. आणि मागील पिढी त्यास दुष्ट म्हणू शकते. परंतु जो नोंद करतो त्यास आपण काही दुष्कर्म करीत आहोत असे स्वप्नातही वाटत नाही. तो सत्यनिष्ठ असतो, परिश्रमी असतो, कित्येक वेळा दयाळूही असतो. त्याच्या मते तो केवळ जे आहे ते लिहून ठेवतो. म्हणून त्याच्या हातून घडलेल्या अन्यायास कर्ताच उरत नाही. तो अन्याय ज्ञान होऊन बसतो, पाठ्यपुस्तकात जातो, परीक्षेत विचारला जातो, आणि आमच्यासारखे प्राध्यापक तो शिकवितात. तलवार म्यानात जाऊ शकते. नोंद कोठेही जात नाही.

येथे आम्हांस आमच्याच घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना सुटीत आजोळी होतो. नदीकाठी एका पारधी कुटुंबाची दोन-तीन पाले उतरली होती. त्यांतील एक मुलगा आमच्याच वयाचा. त्याने आम्हांस दगडाने चिंच पाडावयास शिकविले होते. एके दिवशी देवघरातील चांदीचे फुलपात्र दिसेनासे झाले. आमचे आजोबा सत्त्वशील, एकादशी न चुकविणारे, भिकाऱ्यास विन्मुख न पाठविणारे गृहस्थ होते. त्यांनी कोणास काही विचारले नाही; विचारण्याची गरजच नव्हती. दोन गडी बरोबर घेऊन ते नदीवर गेले आणि संध्याकाळपूर्वी पाले उठली. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर उभे होतो. तो मुलगा डोक्यावर एक गाठोडे घेऊन आमच्यासमोरून गेला. त्याने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही दुसरीकडे पाहिले.

दिवाळीत बाजरीची कणगी रिकामी करताना तळाशी फुलपात्र सापडले. कोणा पोराने खेळता खेळता टाकले असावे. कदाचित आम्हीच टाकले असेल, आजही आम्हांस खात्रीने सांगता येत नाही. आजीने ते पदराने पुसले आणि म्हणाली, "अहो, उगाच त्या लोकांना हाकललं हो आपण." आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. पण आता सांगणार कोणाला? ते लोक कुठले, गेले कुठे!"

त्या वाक्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते आम्हांस आजवर विसरता आलेले नाही. ज्यास पत्ता नाही, त्याची क्षमा मागण्याचे कर्तव्यही नाही! ज्याचा सर्व्हे नंबर नाही, त्याच्यावर केलेला अन्याय कोणत्या पानावर नोंदवावयाचा? आमच्या आजोबांनी १८७१ चा कायदा कधी वाचला नव्हता, गॅझेटियर तर त्यांनी पाहिलेही नव्हते. तो कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली आणि साऱ्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झालेला होता. म्हणजे या घटनेपूर्वी वीस-पंचवीस वर्षे. कायदा गेला, प्रत राहिली.

मग ज्ञान आणि अन्याय यांमधील सीमारेषा कोठे आखावयाची? माणसांविषयी काही सामान्य विधान करूच नये, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भूमीचा मनुष्यावर परिणाम होत नाही, असेही आम्ही म्हणत नाही. सह्याद्रीच्या कड्यांनी मराठ्यांस काटक केले, असे आम्ही मोठ्या अभिमानाने मुलांस सांगतोच. पण तसे सांगताना एक प्रश्न स्वतःस विचारावा: ज्या कड्यांनी आमच्या पूर्वजांस शूर केले, त्याच कड्यांनी तेथील कोळ्यास रानटी कसे केले? एकाच पर्वतातून आम्ही आमच्यासाठी पराक्रम आणि त्याच्यासाठी क्रौर्य काढीत असू, तर ते दोन्ही पर्वतात नसून आमच्या मनात आहेत. आणि जे लोक आज आदिवासींस निष्पाप, निसर्गाची लेकरे म्हणून गौरवितात, त्यांसही हाच प्रश्न विचारला पाहिजे. कारण स्तुतीची प्रत हीदेखील प्रतच, आणि तीही त्या माणसास न विचारताच लावलेली.

आमच्या मते कसोटी ही: ज्याच्याविषयी नोंद करावयाची, त्यास त्या नोंदीस उत्तर देण्याचा आणि तीस खोटे पाडण्याचा मार्ग खुला आहे काय? असेल, तर ते ज्ञान. नसेल, तर तो निकाल आहे, आणि आरोपीस न ऐकता दिलेला निकाल आहे. जमिनीस हा मार्ग होता, हे मोठे आश्चर्य! विसाव्या शतकाच्या आरंभी कोपरगावचा मुलूख दुष्काळी म्हणून गणला जाई. पुढे दारणा धरण व नांदूर मधमेश्वरचा बंधारा होऊन गोदावरीचे कालवे आले. पलीकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे होऊन प्रवरेचे पाणी आले. आणि ज्या मातीस कोणी विचारीत नव्हते, तीतून उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी तत्त्वावरील साखर कारखानाही १९५० च्या सुमारास याच भागात, लोणीस, सुरू झाला. माती बदलली नव्हती. तीस पाणी मिळाले होते. आणि ते पाणी कोठून आले? भंडारदरा आहे अकोल्याच्या डोंगरात. ज्यांस रानटी म्हटले त्या राघोजीच्या भावकीच्या मुलखात. ज्यांच्या खोऱ्यातील पाण्याने सपाटीची प्रत सोळा आणे झाली, त्यांची स्वतःची प्रत मात्र कोणी तपासून पाहिली नाही. जमिनीच्या आकारास तीस वर्षांनी फेरतपासणी होती. माणसाच्या नोंदीस ती नव्हती.

आता ती व्हावयास लागली आहे, हेही नमूद केले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात, वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आपल्याच संसदेने दिली आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा गेल्यानंतर १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, त्यात जमातीऐवजी व्यक्तीच्या कृत्याकडे पाहण्याचे तत्त्व तरी मान्य झाले. व्यवहारात ते किती पाळले गेले, याचे उत्तर विमुक्त समाजांतील लेखकांनी आपल्या आत्मकथनांतून दिले आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'स १९८८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नोंदविला गेलेला माणूस जेव्हा स्वतः लेखणी हाती घेतो, तेव्हाच फेरतपासणीस खरा आरंभ होतो.

आणि आपल्या श्रमाची प्रत दुसऱ्याने ठरवावी याचे दुःख काय असते, हे आमच्या पुणतांब्यासही ठाऊक आहे. १ जून २०१७ रोजी या गावातून शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी पडली, ती साऱ्या महाराष्ट्रात पसरली. "आमच्या मालाचा भाव आम्हांस न विचारता का ठरतो?" या प्रश्नात जो स्वाभिमान होता, त्याचे आम्हांस कौतुक आहे. तोच प्रश्न गावकुसाबाहेरचा माणूस आम्हांस विचारू लागला, तर त्याचेही तितकेच कौतुक करण्याची तयारी आमची असावी, इतकेच आमचे म्हणणे.

वाटणीचे काम आटोपले. पोटखराब्याचा तो तुकडा लागवडीखाली आल्याची नोंद व्हावी म्हणून मामेभावाने रीतसर अर्ज केला आहे. यथावकाश ती होईल. परतीच्या दिवशी आम्ही एकटेच घाटावर जाऊन बसलो. नदीचे पाणी उतरले होते, आणि पलीकडच्या वाळवंटात दोन पाले दिसत होती. कोणाची, ते आम्हांस ठाऊक नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पायरीवरून आम्ही मान वळविली होती, तीवरून उठून पलीकडे जावे, निदान पाणी-तंबाखू विचारावे, असे मनात आले. गाडीची वेळ झाली होती. तरी आम्ही उठलो, आणि स्थानकाची वाट सोडून वाळवंटाकडे वळलो. गाडी पुढची मिळणार होती.